गाडी क्रॉसिंगला का थांबते?

मी परतूरचा. सुट्टीहून होस्टेलवर आलो की रूममेटचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, आज क्रॉसिंग कुठं पडलं?" नांदेड-मनमाड मार्गावरच्या पोरांना हा शब्द पाठ आहे. त्यामागचं गणितही सोपं आहे.

जालन्यातून रूळ गेले ते निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास. लाईन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत 1000 मि.मी. अंतर. मुंबईची लाईन ब्रॉडगेज, 1676 मि.मी. त्यामुळे मनमाडला माणसांनी गाडी बदलायची आणि मालही एका वाघिणीतून दुसरीत भरायचा! 1990 च्या दशकात रुंदीकरण झालं आणि थेट मुंबईला जाता येऊ लागलं.

रूळ रुंद झाले, पण मार्ग एकेरीच राहिला. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात, म्हणजे ब्लॉक सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून दुसरी येत असेल तर एकीनं स्टेशनात लूप लाईनवर थांबायचं. हेच क्रॉसिंग. समजा, तुकडा 10 कि.मी.चा आणि वेग ताशी 60. गाडीला 10 मिनिटं लागली आणि लाईन क्लिअर, सिग्नल यांना 5 धरली, तर दोन्ही दिशा मिळून तासाला 4 च गाड्या. दुहेरी मार्गावर याच हिशेबानं 8 जातील. शिवाय एकेरी मार्गावर एक गाडी लेट झाली की समोरचीही रखडते.

आपल्याकडे कुणी पेशंट घेऊन घाटीत निघालेलं असतं, कुणाची खंडपीठात तारीख असते, कुणाचा पेपर असतो. त्यांना हा अर्धा तास महागात पडतो.

30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. आनंदच आहे. पण एकेरी मार्गावर गाडी वाढली की क्रॉसिंगही वाढतं, आणि वेगवान गाडीला वाट देण्यासाठी बहुधा पॅसेंजरच थांबते.

यावर खरा उपाय दुसरी लाईन. छत्रपती संभाजीनगर-परभणी या सुमारे 177 कि.मी.च्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. जालना, परतूर त्याच पट्ट्यात येतात. तेव्हा मित्रांनो, नव्या गाडीसाठी निवेदन जरूर द्या. पण दुसऱ्या लाईनचं काम कुठवर आलं, हे त्यात आधी विचारा!