टेस्टोस्टेरॉन हवं, पण सगळंच नको

आवाज थोडा खाली उतरावा, दर महिन्याची पाळी थांबावी, दंड-खांदे जरा भरावेत. पण दाढी नको, आणि कपाळावरचे केस तर मुळीच जाऊ नयेत. आपण पूर्ण स्त्रीही नाही आणि पूर्ण पुरुषही नाही असं ज्यांना आतून जाणवतं, त्या नॉनबायनरी व्यक्तींपैकी अनेकांची टेस्टोस्टेरॉनकडून अशी निवडक अपेक्षा असते. डॉक्टरांसमोर ती मांडताना त्या चाचरतात. ‘एक काय ते ठरवा’ हे त्यांनी घरीदारी पुष्कळ ऐकलेलं असतं. खरं तर यातलं काय जमतं, काय जमत नाही आणि नको असलेल्या परिणामांवर काय करायचं, याची बरीच उत्तरं वैद्यकाकडे तयार आहेत.

मराठवाड्यात या विषयाची उघड चर्चा झाली ती जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यामुळे. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, प्रकरण २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. साळवे यांची ओळख पुरुषाची. त्यांची वाट निराळी. पण तेव्हा गावोगावी बोललं गेलं ते फक्त शस्त्रक्रियेबद्दल. वर्षानुवर्षं चालणारं औषध, त्याची मात्रा, त्याबरोबर करायच्या रक्ततपासण्या यांबद्दल कुणी बोललं नाही. नॉनबायनरी व्यक्तींपैकी अनेकांचा सगळा प्रवास मात्र या औषधातच असतो.

सुरुवात केसांपासून करू, कारण सर्वांत मोठी भीती तीच असते. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस विरळ होऊ लागतात. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात. पुढे १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतल्या काही पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, थोडक्यात डीएचटीमध्ये, रूपांतर करणारं एन्झाइम नीट काम करत नव्हतं. त्यांचे स्नायू पुरुषी, आवाज जाड. दाढी मात्र तुरळक आणि टक्कल नाही. केसांच्या मुळांशी मुख्य काम डीएचटी करतं, हे त्यातून उमगलं आणि ते एन्झाइम रोखणारं फिनास्टेराइड त्याच वाटेने आलं.

ज्या पुरुषाला डोक्यावरचे केस टिकवायचे आहेत पण दाढीही हवी आहे, त्याला फिनास्टेराइडचा एक तोटा आहे: दाढी आणि अंगावरची लव वाढण्याचा वेगही ते कमी करू शकतं. नॉनबायनरी व्यक्तीला कित्येकदा नेमकं तेच हवं असतं. मात्र या गोळीने मरगळ किंवा लैंगिक इच्छेत घट जाणवू शकते, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ती घेऊ नये. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल वेगळ्या मार्गाने काम करतं, त्याचा हार्मोनशी संबंध नाही. पण ते ओघळून गालावर आलं तर तिथेही लव वाढते.

आवाजाला असा लगाम नाही. टेस्टोस्टेरॉनने स्वररज्जू जाड होतात, आवाज उतरतो आणि औषध थांबवलं तरी पुन्हा चढत नाही. बदल बहुधा तिसऱ्या महिन्यापासून जाणवू लागतो. कमी मात्रेने तो सावकाश होतो, त्यामुळे आवाज नियमित ध्वनिमुद्रित करून ‘इथे थांबू या’ असं ठरवायला उसंत मिळते. मात्र कमी मात्रेने आवाज कायमचा मध्येच अडकून राहील, याची हमी कुणीही देऊ नये.

मात्रेइतकंच महत्त्व ती देण्याच्या पद्धतीला आहे. भारतात सहज मिळणाऱ्या तेलातल्या इंजेक्शनच्या एका ॲम्प्यूलमध्ये बहुधा २५० मिलिग्रॅम औषध असतं. ते एकदम टोचलं की पहिल्या काही दिवसांत पातळी उंच जाते आणि तीन-चार आठवड्यांनी तळाला येते. चिडचिड, थकवा, मध्येच होणारा रक्तस्राव यांतला बराचसा त्रास या चढउताराचा असतो. जालन्यातल्या मोसंबीवाल्याला हे वेगळं सांगायला नको: पाट सोडून बाग एकदा बुडवायची आणि मग महिनाभर कोरडी ठेवायची, की ठिबकने रोज थोडं द्यायचं? दर आठवड्याला छोटी मात्रा किंवा रोज लावायची जेल हे इथलं ठिबक. आधी अंदाज घेऊन पाहायचा असेल, तर मला जेल सर्वांत समंजस वाटते. नको वाटली तर दुसऱ्या दिवसापासून बंद करता येते. हजार मिलिग्रॅमचं अनडेकॅनोएट इंजेक्शन एकदा टोचलं, की दहा-बारा आठवडे ते परत घेता येत नाही. जेल लावल्यावर साबणाने हात धुवायचे आणि ती जागा कपड्याने झाकायची. एकत्र कुटुंबात हे कटाक्षाने पाळावं, कारण कडेवर घेतलेल्या लहान मुलाच्या अंगाला ती लागली तर मुलात अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर इंजेक्शन कोणत्या तेलात आहे ते आधी पाहावं. काही शेंगदाणा तेलात असतात.

ज्या परिणामावर सर्वांत जास्त लक्ष हवं, तो डोळ्यांना दिसत नाही. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी बनवायला लावणाऱ्या, मूत्रपिंडातल्या एरिथ्रोपोएटिनला चालना देतं आणि लोह अडवून ठेवणारं हेप्सिडिन दाबून ते लोह मोकळं करतं. त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात. त्या अती वाढल्या तर रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका संभवतो. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी हजाराहून अधिक ट्रान्स पुरुषांच्या वीस वर्षांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, कधी ना कधी ५० टक्क्यांवर गेलेले ११ टक्के निघाले, ५४ टक्क्यांवर गेलेले फक्त अर्धा टक्का. धूम्रपान, जास्त वजन आणि दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. उपायही त्यातच आहेत: विडी-सिगारेट सोडणं, मात्रा कमी करणं, इंजेक्शनवरून जेलवर येणं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पाणी कमी पडलेल्या शरीराचं रक्त तसंही दाट दिसतं, म्हणून तपासणीआधी पुरेसं पाणी प्यावं.

ही तपासणी म्हणजे साधी सीबीसी. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते. अडचण येते अहवाल वाचताना. अर्जावर स्त्री अशी खूण असली की छापली जाणारी सामान्य मर्यादाही स्त्रियांची असते, आणि टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या माणसाचं निरोगी हिमोग्लोबिन ‘जास्त’ म्हणून ठळक छापून येतं. उलटही घडतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. आधीच रक्त कमी असलेल्या व्यक्तीत औषध सुरू झाल्यावरचा हिमोग्लोबिनचा १२ हा आकडा बरा वाटतो, पण त्यामागे लोहाची कमतरता असू शकते. म्हणून उपचारांपूर्वीचा अहवाल जपून ठेवावा, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी.

मुरुमं पहिल्या वर्षात जोर करतात, नंतर बहुतेकांत ओसरतात. छाती सपाट दिसावी म्हणून घातलेल्या घट्ट बाइंडरखाली, उन्हाळ्याच्या घामात, पाठीवर आणि छातीवर ती अधिक चिडतात. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अडापॅलीन हे पहिले उपाय. औषधाच्या दुकानातून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम मात्र लावू नये. आठवडाभर चेहरा उजळतो आणि पुढे मुरुमं दुपटीने येतात. हट्टी मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन चांगलं चालतं, पण ते गर्भाला अतिशय घातक आहे. आणि इथे एक गैरसमज जीव तोडून दूर करायला हवा: टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबली असली तरी बीज बाहेर पडू शकतं, गर्भ राहू शकतो, आणि टेस्टोस्टेरॉनही गर्भाला हानी पोचवतं. गर्भाशय असेल आणि संबंधांतून गर्भ राहणं शक्य असेल, तर निरोध किंवा तांबी हवीच.

कमी मात्रेवर पाळी पूर्ण थांबेलच असं नाही. सणावारी पाळी पुढे ढकलायला घरोघरी माहीत असलेली नोरएथिस्टेरॉनची गोळी इथेही डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडते. प्रोजेस्टिन सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं तर रक्तस्राव आणि गर्भधारणा दोन्हींचा बंदोबस्त होतो. योनीतला कोरडेपणा, आग, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतच नाहीत. त्यावर एस्ट्रिऑलची स्थानिक क्रीम मिळते. ती रक्तात अत्यल्प उतरते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनचं काम बिघडत नाही. निमूटपणे सोसण्यासारखं यात काहीही नाही.

भारतीय डॉक्टरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून उपलब्ध आहेत; असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ इन इंडियाने ती तयार केली. कल्याण आणि पुण्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी अमेरिकी मदतीवर चालणारी मित्र क्लिनिकं २०२५ च्या सुरुवातीला निधी थांबल्याने बंद पडली, तेव्हा दूरच्या केंद्रावर सगळी भिस्त ठेवणं किती कच्चं आहे ते दिसलं. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. सीबीसी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ही देखरेख कोणत्याही फिजिशियनच्या आवाक्यातली आहे. हवी आहे ती समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्याची तयारी.

औषध थांबवायचं ठरलं तर पाळी काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते, मुरुमं उतरतात, चरबी आणि स्नायू हळूहळू पूर्वीसारखे होतात. आवाज आणि उगवलेली दाढी राहते. अंडाशय काढलेले असतील तर मात्र परस्पर थांबवू नये, कारण हाडांना एकतरी हार्मोन लागतोच. आणि औषध चालू असो वा नसो, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावं आणि टेस्टोस्टेरॉन घेत असल्याचं किंवा घेतल्याचं तिथे न लपवता सांगावं.