शिक्षकाचा नकार नेमका कशाला?

वर्गात मोबाइल, संगणक, प्रोजेक्टर आला की काही शिक्षक त्याला कवटाळतात, काही नाक मुरडतात. मग आपण लगेच शिक्के मारतो: हा आधुनिक, तो जुन्या वळणाचा. आम्हांला ही विभागणी पटत नाही. दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही महाराष्ट्रातली, आणि दोन्हींत यंत्र एकच, खिशातला मोबाइल.

पहिलं, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं मात्र त्या भाषेत नव्हती. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ मुलांच्या भाषेत आणले, पुस्तकात क्यूआर कोड दिले. कोडवर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, पाठ दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

दुसरं, २०१६ सालचं. शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून वर पाठवावा, असा शासनाचा निर्णय निघाला. हेतू वाईट नव्हता, हजेरी वाढवायची होती. पण राज्यभर शिक्षकांनी विरोध केला आणि निर्णय स्थगित ठेवावा लागला.

आता पाहा, फोन तोच. मग फरक कुठे पडला? पहिल्या ठिकाणी अडचण वर्गातली होती आणि साधन शिक्षकानं निवडलं होतं. दुसऱ्या ठिकाणी गरज कार्यालयाची होती, वेळ मात्र वर्गाचा जाणार होता. म्हणजे नकार यंत्राला नव्हता. आपल्या वर्गाचा निर्णय दुसऱ्यानं घेण्याला होता.

प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस इजिप्तची एक गोष्ट सांगतो. थ्यूथ देव लेखनकला शोधतो आणि राजा थामसला म्हणतो, यानं स्मरणशक्ती वाढेल. राजा म्हणतो, उलट, माणसं विसराळू होतील. ही भीती आपण नेहमी सांगतो. पण त्याच उत्तरात राजा आणखी एक मुद्दा मांडतो: कला शोधणारा वेगळा, आणि ती वापरणाऱ्याचं तिच्यानं भलं होईल की बुरं, हे पारखणारा वेगळा. आमच्या मते वर्गात हा पारखी म्हणजे शिक्षक.

अर्थात पारखी म्हणवून घ्यायचं तर पारख करावी लागते. ‘मला जमत नाही’ ही पारख नव्हे. व्हिडिओ लावून खुर्चीत बसणं हीसुद्धा नव्हे.

आपल्या बाळापूरचंच घ्या ना. मुलांना ॲमेझॉन नदी दाखवायची तर पडदा हवाच. तिथं नको म्हणणारा शिक्षक मुलांचं नुकसान करतो. पण नद्यांचा संगम म्हणजे काय, हे शिकवायचं असेल, तर मन आणि म्हैस या दोन नद्या आपल्या किल्ल्यापाशीच भेटतात. तिथं प्रोजेक्टर बंद करून मुलांना किल्ल्यावर नेणारा शिक्षक मागासलेला ठरत नाही. कोणता धडा पडद्यावर आणि कोणता नदीकाठी, हे ठरवण्याची मोकळीक त्याला द्या. आणि तसंच का ठरवलं, हे त्याला जरूर विचारा.