घंटी वाजलीच नाही : मेमरी बॅरियर कशाला लागतो?

आजचा विषय जरा खोलातला आहे, इअरफोन नीट लावा.

व्हर्च्युअल मशीनला खरं नेटवर्क कार्ड नसतं. आतल्या गेस्टचा ड्रायव्हर आणि बाहेरचा होस्ट मेमरीचा एकच तुकडा वापरतात, त्यात कामांची रांग असते. या पद्धतीचं नाव व्हर्टआयओ. रस्टी रसेल यांचा तिच्यावरचा पेपर २००८ चा. अँड्रॉइड १३ पासून काही फोनमध्येही हीच पद्धत आहे.

ड्रायव्हर आधी डेटाचा पत्ता लिहितो, मग इंडेक्स एकने वाढवतो. इंडेक्स वाढला म्हणजे 'माल तयार, उचला'. पण तुमच्या फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर ही दोन लिखाणं दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात. होस्टला इंडेक्स नवा दिसतो, पत्ता मात्र जुना, आणि तो भलताच डेटा पाठवून मोकळा! म्हणून मध्ये राइट बॅरियर: आधीचं दिसल्याशिवाय नंतरचं दिसायचं नाही. होस्टनेही इंडेक्स वाचल्यावर रीड बॅरियर लावायचा, एकट्याने नियम पाळून भागत नाही.

'इंटेलवर ही भानगडच नाही' असं काहीजण ठासून सांगतात. लिखाणांच्या क्रमापुरतं ते खरंय. पण खरी गंमत पुढे आहे.

दरवेळी होस्टला घंटी मारणं महाग पडतं, कारण त्यासाठी गेस्टमधून बाहेर पडावं लागतं. म्हणून होस्ट जागा असेपर्यंत 'घंटी नको' अशी पाटी लावतो. झोपण्याआधी तो पाटी काढतो आणि रांग एकदा बघतो. नेमकं तेव्हाच ड्रायव्हर इंडेक्स वाढवतो आणि पाटी बघतो. दोघांचंही आधी लिहिणं, मग वाचणं. आणि इंटेलसुद्धा लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये ठेवून पुढचं वाचून घेतो! मग ड्रायव्हरला जुनी पाटी दिसते, घंटी मारत नाही. होस्टला रांग रिकामी दिसते, झोपतो. पॅकेट रांगेत पडून, नेटवर्क ठप्प, एररसुद्धा नाही. माझ्या मते यापेक्षा सरळ क्रॅश परवडला, निदान कुठे बघायचं ते तरी कळतं. इथे दोन्हीकडे फुल बॅरियरच हवा.

आणखी एक मेख. एकाच सीपीयूसाठी बनवलेला लिनक्स कर्नल 'दुसरा कोअरच नाही' म्हणून नेहमीचे एसएमपी बॅरियर गाळून टाकायचा. पण गेस्ट एका सीपीयूचा असला तरी होस्ट दुसऱ्या कोअरवर असतोच की! त्यासाठी २०१६ च्या लिनक्स ४.५ मध्ये व्हर्च्युअल मशीनसाठीचे वेगळे बॅरियर आले, ते गाळले जात नाहीत.