बॅटरी भरलेली, तरी गाडी बंद!

मागच्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका विज्ञान शिबिरासाठी आम्ही गेवराई तालुक्यातल्या उमापूरला गेलो होतो. निघायला रात्र झाली, म्हणून कापसाची वाहतूक करणाऱ्या एका पिकअपमध्ये बसलो. गाव मागे पडते न पडते तोच हेडलाइट मिणमिणले आणि सगळेच गेले. दिवे, हॉर्न, इंजिनसुद्धा! (आजच्या डिझेल गाड्यांत इंधन किती सोडायचे हे विजेवर चालणारी यंत्रणा ठरवते. वीज गेली की इंजिनही थांबते.) समोरून उसाची ट्रॉली येत होती. चालकाने गाडी कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवली, तर सेल्फचा 'टक्' असा आवाजही आला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवली, तर गाडी काही झालेच नाही अशी सुरू झाली.

"सर, ही चौथी बारी," चालक म्हणाला. "नवी बॅटरी टाकून महिना नाही झाला. दुकानात नेली की मीटर साडेबारा दाखवतंय. आता म्हणतात, अजून एक बदलून बघा."

नव्या बॅटरीचा खर्च म्हणजे त्याच्या बऱ्याच खेपांची कमाई. शिवाय पुढच्या वेळी दिवे नेमके कुठे जातील, हा प्रश्न होताच. शिबिरासाठी नेलेला मल्टिमीटर आमच्या पिशवीत होता. सकाळी त्याच्या अंगणात आम्ही शोध सुरू केला.

आधी विचार केला, की बॅटरीच दोषी असेल का? गाडीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून एकूण १२.६ व्होल्ट. पण इंजिन चालू असताना दिव्यांना वीज मुख्यतः अल्टरनेटर पुरवतो. मग चालत्या गाडीत सगळे एकदम का जावे? बॅटरी आणि अल्टरनेटर या दोघांचीही वीज जिथून पुढे जाते, अशाच जागी दोष असणार. ती जागा म्हणजे फ्यूजबॉक्सकडे जाणारी मुख्य वायर.

आम्ही बॅटरीवर मीटर लावला. १२.६ व्होल्ट. फ्यूजबॉक्सपाशी लावला. तिथेही १२.६! वायर ठीक आहे असे म्हणून आपण इथेच थांबलो असतो. पण मग हेडलाइट लावून पाहिले. बॅटरीवर १२.२, आणि फ्यूजबॉक्सपाशी जेमतेम ६! वायर हलवली की आकडा नाचू लागे.

असे का झाले? ओहमचा नियम आपण शाळेत शिकवतो, पण तो असा समोर उभा राहिला की गंमत वाटते. ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपियर प्रवाह घेतात, म्हणजे त्यांचा एकत्रित रोध १.२ ओहम. (तापलेल्या तारेचा रोध तापमानानुसार बदलतो, तो बदल इथे सोडून देऊ.) समजा, वायरच्या एका सांध्यात दोषामुळे आणखी १.२ ओहम रोध आला. आता विभवांतर दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाईल. दिव्यांना ६ व्होल्ट मिळतील, आणि ६ व्होल्ट सांध्यातच खर्च होतील.

दिवे बंद असताना काय होते? तेव्हा सांध्यातून मुख्यतः मीटरचाच प्रवाह जातो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यापुढे १.२ ओहम म्हणजे काहीच नाही. सांध्यात घट येईल ती जेमतेम दीड मायक्रोव्होल्टची! म्हणून मीटर १२.६ दाखवतो. तो आकडा खरा असतो, पण प्रवाह वाहताना काय होईल हे तो सांगत नाही.

मग वीज अधूनमधून का जाते? दोन धातू एकमेकांवर दाबले तरी ते प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म बिंदूंवरच टेकलेले असतात. हादऱ्यांनी नट सैल झाला, धातूवर गंज आणि ऑक्साइडचा थर चढला, की हे बिंदू कमी होतात. आपल्या उदाहरणात सांध्यातून ५ अँपियर वाहतात, म्हणजे तिथे ३० वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी! सांधा तापून प्रसरण पावतो, उरलासुरला स्पर्शही तुटतो. निवला की पुन्हा टेकतो. दिवसा हेडलाइट बंद असतात, प्रवाह कमी, म्हणून गाडी नीट चालते.

आता दोष कुठे हे शोधणे सोपे होते. हेडलाइट चालूच ठेवून मीटरचे एक टोक वायरच्या शेवटच्या कडीवर आणि दुसरे ती कडी ज्या बोल्टवर बसवली होती त्यावर टेकवले. इथे जवळपास शून्य यायला हवे. आले ६ व्होल्ट. नट चक्क बोटांनी फिरत होता.

बॅटरीची ऋण जोडणी आधी सोडवली, कडी पॉलिश पेपरने घासली, स्प्रिंग वॉशर घालून नट आवळला. पुन्हा मोजले, तर ०.०४ व्होल्ट. खर्च म्हणाल तर एका वॉशरचा. (इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन निघू शकतो, म्हणून जवळ ठिणगी पडू देऊ नये.)

वर्गात हे करून पाहता येईल. दीड व्होल्टचे तीन सेल, जुन्या टॉर्चचा तारेचा बल्ब आणि दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल घ्या. पेन्सिलीचे शिसे हाच आपला बिघडलेला सांधा. सेल, पेन्सिल आणि बल्ब एकापुढे एक जोडा. बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावला तर तो पूर्ण साडेचार व्होल्ट दाखवेल. बल्ब लावून त्याच्या दोन टोकांवर मोजा. आकडा खाली येईल, बल्ब मंद दिसेल. मग पेन्सिलीच्या दोन टोकांवर मोजा. हरवलेले व्होल्ट तिथे सापडतील!

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. शेतातली पाण्याची मोटार सुरू होताना शेजारच्या घरातला दिवा क्षणभर मंद का होतो? हे व्होल्ट कुठे जातात, आणि ते शोधायला मीटर कुठे आणि केव्हा लावाल?