छोटं इंजिन थांबतं तेव्हा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अन्वय आणि व्यतिरेक पाहिले. धूर आणि अग्नी सोडून यांना दुसरं उदाहरण नाही का, असा प्रश्न शेवटी आला होता. आहे. म्हणून आज आम्ही टेबलावर रुळांचा एक गोल मांडला आहे आणि त्यावर वीतभर चालून थांबणारं एक इंजिन. कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पुष्कळांनी पाहिलं असेल, त्याच कुळातलं हे. मापाचं नाव एचओ: खऱ्या गाडीचा 87वा हिस्सा, दोन रुळांत 16.5 मिलिमीटर अंतर. वीज एका रुळातून चाकात चढते, मोटर फिरवून दुसऱ्या रुळाने परत जाते. साधारण 12 व्होल्ट.

इंजिन थांबलं की हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो आवरायचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या टपाच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटल्या की तशा पुन्हा मिळणं कठीण, आणि वडिलांनी घेऊन दिलेलं इंजिन असेल तर त्याच्या बदली नवं आणून काय करायचं? तेव्हा न उघडता जेवढं कळेल तेवढं आधी कळून घ्यावं.

त्याच जागी दुसरं, चांगलं इंजिन ठेवा. तेही अडलं तर दोष रुळात, वायरीत किंवा कंट्रोलरमध्ये. ते चाललं तर दोष आपल्या इंजिनात. बाकी सगळं तेच, एकच गोष्ट बदलली. मिलने 1843च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात मांडलेली व्यतिरेक पद्धती ती हीच.

आता कान लावा. मोटर गुणगुणते पण चाकं स्तब्ध, म्हणजे वीज पोचते आहे, अडचण दातेरी चाकांत. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ होत असेल तर निदान आणखी नेमकं: धातूच्या आसावर घट्ट बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला चीर पडते, तिथे दोन दातांमधलं अंतर वाढतं. लोक यात तेल ओततात! ते चाक बदलायलाच हवं.

मोटर गप्प असेल किंवा मधूनच तुटत असेल, तर इंजिन मऊ फोमवर उलटं ठेवून कंट्रोलरच्या दोन वायरी चाकांच्या एकेका जोडीला, एक डावीकडे एक उजवीकडे, लावून पाहा. काही जोड्या प्रतिसाद देतात, काही देत नाहीत, तर बहुधा चाकांवरचा काळा मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरे. सँडपेपर नको, ओरखड्यांत मळ जास्त धरतो.

एकही जोडी बोलली नाही तरच टप काढायचा आणि वायरी थेट मोटरला लावायच्या. (डीसीसी डिकोडर असेल तर आधी तो मोटरपासून सोडवा, नाहीतर जळेल.) मोटर फिरली तर चाकापासून मोटरपर्यंतची वाट तुटली आहे. नाही फिरली तर कार्बन ब्रश झिजले असतील किंवा कॉम्युटेटरच्या फटींत कार्बनची भुकटी भरली असेल. ती दात कोरायच्या काडीने काढावी. ब्रशची स्प्रिंग उडते, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं. जुन्या मोटरचं चुंबक मात्र बाहेर काढू नये, ते कमजोर होऊ शकतं.

चला, हे उलटं करू. पहिली जोडी, नाही. दुसरी, नाही. तिसरी... ऐकलंत? कापूस द्या बघू इकडे.