टपाल घरी आणून ठेवा

कोकण रेल्वेनं मुंबईहून निघालं की रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलं की मोबाइलची रेंज जाते आणि ब्राउझरमध्ये मेल वाचत बसलेल्याचं वाचन तिथंच अडतं. माझं अडत नाही. माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्ड हा मेल उतरवून वाचायचा प्रोग्राम आहे आणि सगळी जुनी पत्रं त्यात उतरवलेली आहेत. बोगद्यात लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबतं, रेंज आली की रवाना करता येतं.

ब्राउझरमध्ये आपण जे वाचतो ते दूरच्या सर्व्हरवरचं पत्र असतं. आपल्याकडे त्यातलं काही राहत नाही. पूर्वी असं नव्हतं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं तेव्हा जोडणी टेलिफोनवरून व्हायची आणि मिनिटामिनिटाचा हिशेब असायचा. लोक फोन जोडत, मेल उतरवून घेत, फोन तोडत आणि मग निवांत वाचत. पुढे १९९६मध्ये हॉटमेल आणि २००४मध्ये जीमेल आलं, आणि कुठूनही मेल उघडायची सोय झाली. त्या सोयीत पत्रं घरी आणायची सवय सुटली.

मेल उतरवण्याची जुनी पद्धत पॉप. त्यातला संवाद फार साधा आहे. आपला संगणक ‘स्टॅट’ म्हणतो, सर्व्हर पत्रं किती ते सांगतो. ‘रेटर १’ म्हटलं की पहिलं पत्र येतं, ‘डेले १’ म्हटलं की ते तिथून पुसायची खूण होते, ‘क्विट’ म्हटलं की निरोप. पोस्टमननं पिशवी रिकामी करून जावं तसं. दुसरी पद्धत आयमॅप, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्डला सुरू केलेली. इथं मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं, आपल्याकडे प्रत येते, आणि दोन्हींचा मेळ सतत घातला जातो. फोनवर वाचलेलं पत्र लॅपटॉपवरही ‘वाचलेलं’ दिसतं ते यामुळेच.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरवर पत्र पुसलं गेलं की पुढच्या जोडणीत आपली प्रतही जाते. म्हणून जपायची पत्रं थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावीत. तिथं सर्व्हरचा हात पोचत नाही.

ही पत्रं डिस्कवर कशी असतात हे एकदा बघाच. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक ठेवतं. ती नोटपॅडमध्ये उघडली तर तारीख, पाठवणारा, वाटेतले सर्व्हर, सगळं वाचता येतं. फोटो मात्र निरर्थक अक्षरांची भिंत दिसतो. ईमेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी घडली. त्यामुळे फोटोच्या दर ३ बाइटची ४ अक्षरं करून तो पाठवावा लागतो, आणि ३ एमबीचा फोटो प्रवासात ४ एमबीच्या वर जातो. आपला मराठी मजकूरही बऱ्याचदा असाच बांधून येतो.

माझं पहिलं ईमेल खातं ज्या सेवेवर होतं ती केव्हाच बंद पडली. आत्यानं कॅनडाहून लिहिलेली पत्रं त्यात होती. एकही उरलेलं नाही. आज मोठ्या कंपन्यांकडेही नियम आहेत: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि डिसेंबर २०२३पासून ते काम सुरूही झालं आहे. घरातलं कुणी गेलं की त्यांचं खातं नेमकं असंच पडून राहतं.

तेव्हा येत्या रविवारी एवढं कराच. थंडरबर्ड फुकट मिळतं. खातं जोडा, चार्जर लावून ठेवा, कारण पहिल्यांदा सगळं उतरायला कित्येक तास लागू शकतात. लॅपटॉपला पासवर्ड ठेवा, कारण ही पत्रं डिस्कवर कुलूपबंद नसतात. मग थंडरबर्ड ज्या फोल्डरमध्ये पत्रं ठेवतं त्याची आणखी एक प्रत काढून कपाटात ठेवा. जीमेलची १५ जीबीची फुकट जागा काठोकाठ भरली असली तरी ती सगळी पत्रं ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात.