दुपारच्या आभाळातले शिकारी पाहुणे

हिवाळी पाहुणे बघायचे तर पहाटे उठून भिगवण गाठायचं, हा समज पक्का रुजलाय. पाणपक्ष्यांपुरता तो बरोबर आहे. गरुड किंवा मोठे शिकारी पक्षी बघायला मात्र इतकी घाई नको. जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठू लागले, की त्यात शिरून ते पंख न हलवता घिरट्या घेत वर चढतात आणि उंचीवरून पुढच्या झोताकडे घसरत जातात. ज्या ऑक्टोबरच्या उन्हाला आपण वैतागतो, त्यावरच त्यांचा प्रवास चालतो. सकाळी नऊ-दहानंतर मोकळ्या माळावर उभं राहून वर बघा.

म्हणजे सगळेच शिकारी पक्षी असे तरंगत येतात का? नाही. समुद्रावर असे झोत फारसे मिळत नाहीत, म्हणून मोठे गरुड शक्यतो जमिनीवरून जातात. अमूर ससाणा मात्र अरबी समुद्र थेट ओलांडतो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम! सैबेरिया, उत्तर चीनकडून निघून तो नागालँडमध्ये थांबतो, मग भारत ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोहोचतो. २०१३ साली काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले, तेव्हा हा मार्ग टप्प्याटप्प्याने दिसला. हिवाळ्याच्या तोंडाशी लोणावळ्याच्या परिसरातही तो थोडे दिवस दिसतो.

नागालँडमध्ये या ससाण्यांची सर्रास कत्तल होते, असं आजही ऐकू येतं. दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली ती खरोखरच झाली होती. पण पुढच्याच वर्षी पांगतीसारख्या गावांनी शिकार थांबवली. या गावकऱ्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

ही पाखरं केवळ थंडीला घाबरून येत नाहीत. बर्फ पडला की तिकडचे किडे संपतात, हे मोठं कारण. आणि शिकारी म्हणजे कोंबड्या पळवणारा, असंही नाही. अमूर ससाणा वाळवी, नाकतोडे, चतुर खातो.

माळावरचा भोवत्या हा शिकारी पक्षी तर शेतकऱ्याचा मित्रच. गवताच्या जेमतेम वरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, मान खाली घालून तो सावकाश फिरतो. मध्येच गर्रकन वळतो आणि पाय लांबवून गवतात पडतो. नाकतोडा, उंदीर, एखादं छोटं पाखरू पकडतो. फिकट राखाडी नर आणि तपकिरी मादी बघून अनेकांना दोन वेगळ्या जाती वाटतात. मादीच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा दिसतो.

सगळ्यात घातक गैरसमज या माळालाच ‘पडीक’ म्हणण्याचा. भोवत्ये रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर बसतात. म्हणून संध्याकाळी तिथे गाडी घालू नका आणि गवत पेटवू नका.